ॲक्सेसरीज लावल्यापासून बॅटरी उतरते, फ्यूज उडतो, लाईट फडफडतात: नेमकं शोधायचं कसं

हे लिहितोय ते ज्यांना तोच प्रॉब्लेम परत परत येतोय त्यांच्यासाठी. म्हणजे गाडी छान चालत होती, मग टचस्क्रीन स्टीरिओ लावला, डॅशकॅम लावला, हेडलाईटला एलईडी टाकले, मोठा हॉर्न बसवला, आणि तेव्हापासून कधी सकाळी सेल्फच घेत नाही, कधी इंडिकेटर दुप्पट स्पीडने टकटक करतो, कधी मीटरवर नको ती वॉर्निंग लाईट लागते. आणि प्रत्येक वेळी इलाज ठरलेला, फ्यूज बदल, बॅटरी चार्जिंगला लाव, फारच झालं तर नवीन बॅटरी टाक. थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

माझं मत विचाराल तर वस्तूच खराब निघाली असं कमी वेळा होतं. वस्तूला करंट कुठून घेतला आणि अर्थ, म्हणजे करंट परत जायची निगेटिव्ह वायर, कुठे मारला, घोळ बहुतेक वेळा या दोन जागांपैकी एका जागेत असतो, आणि तो डोळ्यांनी शोधत बसण्यापेक्षा मीटर लावून लवकर सापडतो. साधा डिजिटल मल्टिमीटर ज्याला १० अँपिअर डीसीची रेंज आहे, आणि २१ वॅटच्या इंडिकेटर बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, एवढं पुरतं. दोन गोष्टींना मात्र हात लावायचा नाही. एक, पिवळे कपलर, म्हणजे वायरी जोडायचे प्लग, ते एअरबॅगचे असतात, तिथे मीटर आणि टेस्ट लॅम्प दोन्ही नको. दुसरं, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारंगी केबल, तो हाय व्होल्टेजचा मामला आहे, आपला विषय फक्त १२ व्होल्टचा.

सुरुवातीला एक गोष्ट नक्की करा, त्रास नेमका कधी होतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, किल्ली ऑन केल्यावर, इंजिन चालू असताना, ठराविक स्विच दाबल्यावर, खड्ड्यात आदळल्यावर की पाऊस पडून गेल्यावर. याच्यावरून कुठली टेस्ट करायची ते ठरतं, नाहीतर माणूस उगाच सगळा डॅशबोर्ड उघडून बसतो.

बॅटरी उतरते

सगळ्यात कॉमन तक्रार हीच. आधी बॅटरी आणि चार्जिंग दोन्ही ठीक आहेत का ते बघून घ्या, कारण बऱ्याचदा बॅटरी आधीच म्हातारी झालेली असते आणि बिल नव्या स्टीरिओच्या नावावर फाटतं. गाडी काही तास बंद ठेवून बॅटरीवर मीटर लावा. १२.६ च्या वर असेल तर फुल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ संपली. सेल्फ मारताना दुसऱ्या कोणाला तरी मीटरकडे बघायला सांगा, चार्ज असलेली बॅटरी ९.६ च्या खाली जात असेल तर तिच्यात दम राहिलेला नाही. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवं. नवीन गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, कॉम्प्युटर सांभाळतो, त्यामुळे आकडा वरखाली होतो, कधी १२.८ तर कधी १५ च्या जवळ, ते बघून घाबरू नका, लाईट आणि ब्लोअर लावून थोडा वेळ बघत राहा.

हे सगळं बरोबर असेल तर गाडी बंद असताना कोणीतरी करंट पितंय. तो मोजायचा असा: बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची आणि केबल आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावायचा. मीटरची लाल वायर अँपिअरच्या भोकात घातली आहे ना ते दोनदा बघा, आणि मीटर असा लागलेला असताना किल्ली फिरवायची नाही, सेल्फ तर अजिबात नाही, मीटरचा आतला फ्यूज जागच्या जागी उडतो. जोडल्या जोडल्या आकडा मोठा दिसेल कारण गाडीतले सगळे कंट्रोल युनिट जागे झालेले असतात, त्यांना झोपायला कधी दहा मिनिटं तर कधी अर्धा तास आणि जास्तही लागतो. दार उघडलं की पुन्हा सगळं जागं होतं, म्हणून आधीच दार उघडं ठेवून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून ठेवायचं म्हणजे गाडीला वाटतं दार लागलंय. फ्यूज बॉक्सपर्यंत हात जाईल अशी सोय आधी करा आणि मग चहा प्यायला जा.

परत आल्यावर २० ते ५० मिलीअँपिअर दिसलं तर गाडी निर्दोष आहे. त्यापेक्षा बरंच जास्त असेल तर चोर सापडलाच समजा. हिशोब करून बघा, डॅशकॅम पार्किंग मोडवर ३०० मिलीअँपिअर घेत असेल तर दिवसाला ७ अँपिअर अवरपेक्षा जास्त गेले, ४५ अँपिअर अवरची बॅटरी तीन दिवसांत जवळजवळ अर्धी. गाडी रोज लांब पळत असेल तर ते भरून निघतं आणि कोणाला कळत पण नाही, पण ऑफिस जवळ असेल किंवा गाडी आठवड्यातून एकदाच निघत असेल तर रविवारी धक्का मारायची वेळ येते. अशा गाडीत नवीन बॅटरी टाकणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरत बसणं.

आता कुठल्या लाईनवर करंट जातोय ते शोधायचं. बहुतेक जण एकेक फ्यूज उपटत जातात, चालतं, पण फ्यूज परत लावला की त्या लाईनवरचं युनिट जागं होतं आणि आकडे गोंधळतात. त्यापेक्षा मीटर मिलीव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या पाठीवर जे दोन छोटे धातूचे ठिपके असतात त्यांच्यावर टेकवा, ज्या फ्यूजमधून करंट जात नाही तिथे शून्य, जिथे जातोय तिथे काहीतरी आकडा. फ्यूज न काढता काम होतं.

आणि इथेच लोक अडकतात. सगळे फ्यूज तपासले, कुठेच काही नाही, तरी करंट चालूच. कारण बाहेरून लावलेल्या वस्तूची वायर बऱ्याचदा फ्यूज बॉक्समधून येतच नाही, ती थेट बॅटरीच्या पॉझिटिव्ह नटखाली दाबलेली असते. म्हणून पॉझिटिव्ह टर्मिनलवर कंपनीची नसलेली प्रत्येक बारीक वायर एकेक करून सोडा आणि मीटर बघा. त्या सगळ्या सोडूनही करंट उरला तरच अल्टरनेटरकडे जा, त्याचा डायोड लीक असला तरी बॅटरी उतरते.

नेहमीचे संशयित सांगतो. स्टीरिओची पिवळी वायर कायम बॅटरीची आणि लाल वायर किल्लीवरची. फिटर घाईत दोन्ही एकत्र पिळतात, कारण बऱ्याच नव्या गाड्यांत स्टीरिओच्या मागे किल्लीवर येणारी वायरच नसते, मूळ स्टीरिओ डेटा लाईनवरून चालू होतो. मग स्टीरिओ किल्ली काढल्यावर पण आतून जागाच राहतो. यावर उपाय म्हणजे त्या गाडीचा अडॅप्टर, नाहीतर फ्यूज बॉक्समधून किल्लीवर येणारी लाईन घेणं. उलट झालं असेल, म्हणजे लाल पिवळी अदलाबदल, तर बॅटरीला काही होत नाही पण प्रत्येक वेळी घड्याळ आणि स्टेशन विसरतं. ॲम्प्लिफायरची निळी रिमोट वायर कायमच्या पॉझिटिव्हला लावली की ॲम्प कधी झोपतच नाही, रात्री हात लावून बघा, कोमट लागेल. ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे मेकॅनिक स्कॅनर लावतो त्या सॉकेटमध्ये, खुपसलेला डोंगल किंवा ट्रॅकर, त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर बॅटरी कायम असते, गाडी बंद झाली तरी, आणि काही डोंगल नुसता करंट खात नाहीत तर डेटा लाईनवर सतत विचारणा करून बाकीच्या युनिटला पण झोपू देत नाहीत. डॅशकॅमच्या किटमध्ये कटऑफ व्होल्टेज, म्हणजे कितीला कॅमेरा आपोआप बंद व्हावा ते, सेट करता येतं, तिथे ११.८ निवडलेलं असेल तर कटऑफ होईपर्यंत बॅटरीत उरतं काय, १२.२ च्या खाली ठेवू नका.

अजून एक, नवीन गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरच एक छोटा सेन्सर असतो जो किती करंट गेला आणि किती आला ते मोजतो. ॲक्सेसरीचा अर्थ थेट निगेटिव्ह पोस्टवर मारला तर तो करंट सेन्सरच्या हिशोबात येत नाही, गाडीला वाटतं बॅटरी भरलेली आहे आणि ती चार्जिंग कमी करते. अशा गाडीत अर्थ बॉडीवरच घ्यायचा. बॅटरीवर थेट अर्थ म्हणजे सगळ्यात पक्का, हा जुना सल्ला इथे चालत नाही.

फ्यूज उडतो

पहिलं आणि शेवटचं, मोठा फ्यूज टाकू नका. फ्यूज वस्तूला नाही, वायरला वाचवतो. लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. लाल उडतो म्हणून हिरवा टाकला तर पुढच्या वेळी फ्यूज शाबूत राहतो आणि डॅशबोर्डच्या आत वायर जळते. बॅटरीवरून घेतलेल्या लाईनला फ्यूज बॅटरीच्या जवळ पाहिजे, वीतभर अंतरात, वस्तूच्या जवळ लावलेला फ्यूज मधल्या सगळ्या वायरीसाठी नसल्यासारखाच.

लावल्या लावल्या उडत असेल तर वायर कुठेतरी बॉडीला लागलीय. स्विच दिल्यावर उडत असेल तर लोड जास्त आहे किंवा स्विचच्या पुढे शॉर्ट आहे. आदळल्यावर किंवा स्टिअरिंग वळवल्यावर उडत असेल तर वायर कुठेतरी घासतेय, बहुतेक फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकात जिथे रबर न लावताच वायर आत घातली असते, नाहीतर सीटच्या रेलखाली, नाहीतर डिकीच्या बिजागरीत.

दहा फ्यूज फुकट घालवण्यापेक्षा फ्यूजच्या जागी तो २१ वॅटचा टेस्ट लॅम्प लावा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो पण करंट दोन अँपिअरच्या आतच राहतो, काही जळत नाही. त्या लाईनवरच्या वस्तूंचे कपलर काढून ठेवा, नाहीतर त्यांच्यामुळे पण बल्ब लागेल, आणि मग वायरिंग हाताने हलवत जा. जिथे हलवल्यावर बल्ब विझला तिथे शॉर्ट. माझ्या मते या कामात याच्याइतकी उपयोगी युक्ती दुसरी नाही.

लोडचं गणित सोपं आहे, वॅट भागिले १२. हेडलाईटचा नॉर्मल हॅलोजन ६०/५५ वॅटचा, हाय बीमला दोन्ही मिळून १० अँपिअर. त्याजागी १०० वॅटचे टाकले तर जवळजवळ १७ अँपिअर, आणि तेवढाच करंट त्याच जुन्या वायरीतून आणि त्याच स्विचमधून. स्विच वितळतो, होल्डर काळा पडतो. जास्त वॅटचा बल्ब किंवा कॉम्प्रेसरवाला हॉर्न लावायचा असेल तर रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, पाहिजेच. ३० नंबरला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला वस्तू, ८५ आणि ८६ कॉइलचे, त्यातल्या एकाला जुन्या स्विचची वायर आणि दुसऱ्याला अर्थ. पाच पिनांच्या रिलेत मधे ८७ए असतो, तो रिले बंद असताना चालू असतो, वायर चुकून त्याच्यावर गेली की फॉग लॅम्प स्विच बंद केल्यावर लागतात, हे ऐकायला गंमत वाटते पण बॅटरी उतरायचं कारण म्हणून हे पण निघतं.

लाईट फडफडतात, एक दाबलं की दुसरं लागतं

ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, हॉर्न वाजवला की स्टीरिओ रीस्टार्ट होतो, इंडिकेटरच्या तालावर हेडलाईट उजळमंद होते. असले भुताटकीचे प्रकार दिसले की नव्वद टक्के वेळा, म्हणजे आपलं अंदाजाने, अर्थ बघायचा. अर्थ लूज असला की करंट परतीचा दुसरा रस्ता शोधतो, दुसऱ्याच बल्बमधून.

तपासायची पद्धत: वस्तू चालू ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं वस्तूच्या अर्थ वायरीवर. ०.१ व्होल्ट ठीक, ०.२ च्या वर गेलं तर अर्थ सुधारायला हवा. पॉझिटिव्ह बाजूला पण असंच, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वस्तूच्या पॉझिटिव्हपर्यंत, तिथे स्विच आणि फ्यूज मधे असल्यामुळे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घ्या. वस्तू चालू असतानाच मोजा, हे महत्त्वाचं. बंद असताना एकाच तारेवर लटकलेला जॉइंट सुद्धा मीटरला पूर्ण १२.५ दाखवतो आणि लोड आला की झोपतो, म्हणून "मीटरवर तर करंट येतोय" हे वाक्य लोडशिवाय काही कामाचं नाही.

अर्थचा बोल्ट पेंट खरवडून, रिंग लग लावून, बॉडीच्या जाड पत्र्यावर. दाराची बिजागरी, प्लॅस्टिकमध्ये घुसलेला स्क्रू, सीटबेल्टचा बोल्ट ही अर्थ घ्यायची ठिकाणं नाहीत. ॲम्प लावल्यावर एक्सलेटरबरोबर चढत जाणारी कुईं असा आवाज येत असेल तर स्टीरिओ आणि ॲम्पचे अर्थ वेगवेगळ्या ठिकाणी आहेत किंवा सिग्नलची केबल पॉवर केबलला चिकटून नेली आहे, दोन्ही बदलून बघा.

एलईडीच्या खास तक्रारी

इंडिकेटर भरभर टकटकतो कारण गाडीला वाटतं बल्ब गेला. २१ वॅटच्या जागी दोन-तीन वॅटचा एलईडी आला की करंट कमी, म्हणून. इंडिकेटर टकटकवणारा वेगळा फ्लॅशर रिले असेल तर एलईडीवाला फ्लॅशर टाका, सगळ्यात स्वच्छ उपाय. फ्लॅशर गाडीच्या युनिटमध्येच असेल तर लोड रेझिस्टर लावावा लागतो, साधारण ६ ओहमचा, पण तो २४ ते ३० वॅट उष्णता काढतो, प्लॅस्टिकला किंवा वायरिंगला बांधला तर वितळवतो, पत्र्यावरच स्क्रूने बसवा. कायम चालू राहणाऱ्या लाईटला रेझिस्टर लावायचा मला तरी पटत नाही.

बंद केल्यावर पण एलईडी मंद लुकलुकत असेल तर बहुतेक गाडी बल्ब शाबूत आहे का ते बारीक पल्स पाठवून बघतेय. चालू असताना फडफडत असेल तर गाडी त्या लाईनला सलग नाही तर तुटक तुटक करंट देतेय, हॅलोजनला ते कळत नाही, एलईडीला कळतं, अशा गाडीसाठी डीकोडर मिळतो. रिव्हर्स कॅमेरा रिव्हर्स लाईटवरून घेतला आणि चित्र थरथरतं, तिथे पण कारण हेच, मधे रिले किंवा फिल्टर टाकला की थांबतं. हेडलाईट लावली की एफएमला खरखर येत असेल तर एलईडीचा ड्रायव्हर स्वस्तातला आहे, फेराइटचा मणी लावून थोडा फरक पडतो, फार नाही, बल्ब बदला.

वॉर्निंग लाईट, कपलर, पाऊस

एकमेकांभोवती पिळलेल्या दोन बारीक वायरी दिसल्या तर त्या बहुधा कॅनच्या, म्हणजे गाडीतली युनिट एकमेकांशी बोलतात त्या, डेटा लाईन आहेत, त्यांच्यातून करंट घ्यायचा नाही, टेस्ट लॅम्प टेकवायचा नाही. तिथे गडबड झाल्याचा संशय असेल तर बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. बऱ्याच गाड्यांत ६० च्या आसपास येतं. १२० आलं तर एका टोकाचा रेझिस्टर तुटलाय किंवा लाईन कुठेतरी कापली गेलीय, शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. काही गाड्यांत सॉकेटच्या आधी दुसरं युनिट असतं, तिथे आकडा वेगळा येतो, म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका.

पावसानंतरच त्रास होत असेल तर जॉइंट बघा. पिळून टेप मारलेला जॉइंट उन्हात टेप सुटून उघडा पडतो, आणि ते निळे चिमटे जे वायर न कापता वर दाबतात ते आतल्या तारा अर्ध्या कापतात, मग पाणी शिरून हिरवट थर धरतो. दोन्ही काढून टाका, नीट क्रिंप करा किंवा सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब.

दुचाकीवाल्यांसाठी थोडं

नियम तेच पण सगळं लहान. ५ अँपिअर अवरच्या बॅटरीला ५० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १.२, दोन दिवसांत अर्धी, कारमध्ये माफ असलेला ट्रॅकर इथे माफ नाही. आयडलला सगळ्या लाईट लावून बॅटरीवर मोजा, आकडा हळूहळू १२.५ कडे घसरत असेल तर इंजिनमधली चार्जिंग कॉइल जेवढं बनवते त्यापेक्षा खर्च जास्त आहे आणि कुठलीही बॅटरी टिकणार नाही, लाईट कमी करा. काही जुन्या गाड्यांत हेडलाईट थेट कॉइलच्या एसीवर असते, त्या वायरीवरून यूएसबी चार्जर घेतला तर तो जळतो.

चार-पाच वस्तू एकदम लावल्या असतील आणि काहीच कळत नसेल तर सगळ्यांचे कपलर काढा, गाडी तशीच वापरा, त्रास गेला की एकेक जोडत जा, प्रत्येकीला दोन दिवस द्या. सुरुवात शेवटी लावलेल्या वस्तूपासून करा पण तिच्यावरच अडून बसू नका, कारण नवीन वस्तू बसवताना जुन्या वस्तूचा जॉइंट ओढला जातो हे पण बऱ्याचदा निघतं.

दुरुस्ती झाल्यावर झोपेतला करंट परत एकदा मोजा. मग गाडी बंद करून दोन-तीन तासांनी बॅटरीचं व्होल्टेज लिहून ठेवा आणि सकाळी दार उघडायच्या आधी बॉनेट वर करून परत बघा, त्यासाठी बॉनेटचं हँडल आदल्या दिवशीच ओढून ठेवायचं. रात्री १२.६ आणि सकाळी १२.५५ असेल तर झालं काम. १२.३ दिसलं तर एक तर अजून एखादी वायर राहिलीय, नाहीतर बॅटरी आतूनच उतरतेय. ते ओळखायला पुढच्या रात्री निगेटिव्ह केबल काढून ठेवा, तरी सकाळी तेवढंच घसरलेलं असेल तर वायरिंग सोडा आणि बॅटरी टेस्टला न्या.